शेजारी महासत्ता असेल तर : शीतयुद्धातला फिनलंड

१९४७ नंतरची काही वर्षं हेलसिंकीहून पश्चिमेकडच्या तुर्कू शहराला निघालेली रेल्वेगाडी वाटेत थांबायची. डब्यांच्या खिडक्यांवर झडपा बसवून त्या बंद केल्या जायच्या आणि मग गाडी पुढे निघायची. प्रवासी अंधारात बसून राहायचे. ठराविक टप्पा मागे पडला की झडपा निघायच्या. त्या टप्प्यात बाहेर होतं पोरक्काला द्वीपकल्प, राजधानीपासून जेमतेम ३० किलोमीटरवर, आणि तिथे सोव्हिएत नौदलाचा तळ होता. युद्ध हरल्यावर फिनलंडला ही जमीन ५० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं द्यावी लागली होती. तिथल्या रहिवाशांना घरंदारं सोडून निघून जावं लागलं होतं.

याच देशात त्या वर्षांत खुल्या निवडणुका होत होत्या. डावे, उजवे, मध्यममार्गी असे सगळे पक्ष संसदेत भांडत होते, शेती आणि कारखाने खासगी मालकीचे होते, न्यायालयं सरकारच्या विरुद्ध निकाल देऊ शकत होती. पोलंड, हंगेरी, रोमानिया, बल्गेरिया आणि १९४८ मध्ये चेकोस्लोव्हाकिया हे सगळे देश एकामागोमाग एक कम्युनिस्ट राजवटीखाली गेले. सोव्हिएत संघाशी एकाच महायुद्धात दोनदा लढलेला आणि दोन्ही वेळा हरलेला फिनलंड मात्र गेला नाही.

हे कसं जमलं, आणि त्यासाठी काय काय सोसावं लागलं, हे समजून घेतलं तर विचारसरणींच्या लढाईत छोटा देश परराष्ट्र धोरण कसं चालवतो याचा बराच उलगडा होतो. महासत्तांच्या बाजूनं लिहिलेला इतिहास आपल्याला भरपूर वाचायला मिळतो. मला छोट्या देशाच्या बाजूनं पाहायचं आहे, कारण जगातले बहुतेक देश छोटेच आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्यात होता, नंतर शंभरेक वर्षं रशियाच्या झारच्या ताब्यात, पण स्वतःचे कायदे आणि स्वतःची संसद असलेला स्वायत्त प्रांत म्हणून. रशियात क्रांती झाली तेव्हा, ६ डिसेंबर १९१७ ला, तो स्वतंत्र झाला. १९३९ च्या ऑगस्टमध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्यात करार झाला. त्याच्या गुप्त कलमांत फिनलंड सोव्हिएत प्रभावक्षेत्रात टाकला गेला होता. फिनलंडला अर्थातच कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर मॉस्कोनं मागणी केली की लेनिनग्राडजवळची (आजच्या सेंट पीटर्सबर्गजवळची) सीमा मागे सरकवा. सीमा त्या शहरापासून ३० किलोमीटरच्या आसपास होती. बोलणी फिसकटली आणि ३० नोव्हेंबर १९३९ ला लाल सेना सीमा ओलांडून आत आली.

हे हिवाळी युद्ध १०५ दिवस चाललं. जगाला वाटलं होतं की आठवड्याभरात फिनलंड संपेल. तो संपला नाही, पण देशाचा सुमारे दहावा हिस्सा गेला. १९४१ मध्ये तो भाग परत मिळवण्यासाठी फिनलंड जर्मनीच्या बाजूनं पुन्हा युद्धात उतरला. १९४४ मध्ये पुन्हा हरला. दोन्ही युद्धांत मिळून ९० हजारांहून जास्त फिनिश माणसं मेली. कारेलिया प्रांतातून चार लाखांवर लोक विस्थापित झाले. देशाची लोकसंख्या तेव्हा ४० लाखांच्याही खाली होती, यावरून त्या आकड्याचं वजन कळेल.

एक गोष्ट इथेच नीट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत सैन्यानं मोठी चढाई केली, आणि ताली-इहांतालाच्या लढाईत फिनिश सैन्यानं ती थोपवली. म्हणजे फिनलंड हरला, पण त्याचा देश व्यापला गेला नाही. वॉर्सा, बुडापेस्ट, बुखारेस्ट इथे लाल सेना रस्त्यावर होती. हेलसिंकीत नव्हती. पूर्व युरोपात कम्युनिस्ट सरकारं आली ती बहुतेक ठिकाणी या सेनेच्या सावलीत.

युद्धबंदीच्या अटी मात्र कठोर होत्या. कारेलियाबरोबर उत्तरेचं पेट्सामो बंदर आणि तिथल्या निकेलच्या खाणी गेल्या. पोरक्काला भाडेपट्ट्यानं गेलं. जर्मन सैन्याला स्वतः लढून हाकलायचं होतं, त्यात रोव्हानिएमी शहर बेचिराख झालं. युद्धकाळातल्या नेत्यांवर खटले चालवायचे होते, आणि माजी राष्ट्राध्यक्ष रिस्तो रूती यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. शिवाय ३० कोटी डॉलरची युद्धभरपाई, तीही १९३८ च्या किमतींनी आणि रोख पैशात नव्हे, तर मालाच्या रूपात : जहाजं, यंत्रं, केबल, लाकडी घरांचे तयार भाग. लाकूड आणि कागद विकून जगणाऱ्या देशाला आता जहाजं बांधायची होती, आणि उशीर झाला तर दंड होता.

या परिस्थितीत देशाची सूत्रं आली युहो कुस्ती पासिकिवी यांच्याकडे. आधी पंतप्रधान, आणि १९४६ पासून राष्ट्राध्यक्ष. वय पंच्याहत्तरीला आलेलं. पेशानं बँकर, विचारानं पक्के पुराणमतवादी, कम्युनिझमचं त्यांना तिळमात्र प्रेम नव्हतं. पण रशियन भाषा आणि रशियाचा इतिहास त्यांना चांगला ठाऊक होता. १९३९ च्या फिसकटलेल्या बोलण्यांत फिनलंडतर्फे तेच गेले होते, आणि त्या वेळी थोडी माघार घ्यावी असं त्यांचं मत होतं.

पासिकिवींचा मूळ विचार एका प्रश्नातून समजतो. मॉस्कोला आपल्याकडून नेमकं काय हवं आहे? कम्युनिस्ट क्रांती की सुरक्षित सीमा? पासिकिवींचं उत्तर होतं : मुख्यतः सुरक्षित सीमा. झार असो की स्टालिन, लेनिनग्राडच्या तोंडावरून शत्रूनं चाल करून येऊ नये ही रशियाची जुनी धास्ती आहे. ती आपण दूर केली तर आपल्या घरात कोणती व्यवस्था असावी यात ते फार लुडबुड करणार नाहीत. म्हणून सुरक्षेच्या बाबतीत मॉस्कोचा विश्वास कमवायचा आणि अंतर्गत कारभारात एक इंचही जमीन सोडायची नाही. भूगोल बदलता येत नाही, वास्तव मान्य करूनच पुढे जावं लागतं, हे ते पुन्हा पुन्हा सांगत.

विचारसरणींच्या लढाईच्या काळात असा विचार करणं सोपं नव्हतं. त्या काळी दोन्ही बाजू जगाकडे धर्मयुद्धासारखं पाहत होत्या : तुम्ही आमचे की त्यांचे? पासिकिवींनी समोरच्या सत्तेचे दोन भाग पाडले. एक, क्रांतीचा झेंडा घेतलेला पक्ष. दुसरा, सीमेची काळजी करणारं राज्य. आणि पहिल्याशी लढत बसण्याऐवजी दुसऱ्याशी व्यवहार केला. हा अंदाज चुकीचा निघाला असता तर देश गेला असता. त्यांना ते माहीत होतं.

परीक्षा लवकरच आली. १९४७ मध्ये अमेरिकेनं युरोपच्या उभारणीसाठी मार्शल योजना जाहीर केली. उद्ध्वस्त फिनलंडला त्या पैशाची नितांत गरज होती. पण मॉस्कोनं योजनेला विरोध केला होता, म्हणून फिनलंडनं पॅरिसच्या परिषदेचं आमंत्रण नाकारलं. मग फेब्रुवारी १९४८ मध्ये स्टालिनचं पत्र आलं. हंगेरी आणि रोमानियाशी झाला तसा मैत्री करार आपणही करू, असा प्रस्ताव होता. त्याच आठवड्यात प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता काबीज केली. हेलसिंकीत हे पत्र वाचताना लोकांच्या मनात काय आलं असेल ते वेगळं सांगायला नको.

पासिकिवींनी नाही म्हटलं नाही आणि घाईही केली नाही. आधी संसदेतल्या पक्षांची मतं मागवली, शिष्टमंडळ उशिरा पाठवलं, आणि जाताना स्वतःचा मसुदा बरोबर दिला. ६ एप्रिल १९४८ ला जो करार झाला तो बराचसा त्या मसुद्यावर आधारलेला होता. परराष्ट्र धोरणात कागदावरचा एक शब्द किती अंतर पाडतो, हे त्यातल्या तरतुदींतून दिसतं.

हंगेरीच्या करारात परस्परांच्या मदतीला धावून जाण्याची बांधिलकी होती. फिनलंडच्या करारात अशी आपोआप लागू होणारी बांधिलकी नव्हती. जर्मनीनं किंवा जर्मनीच्या दोस्तानं फिनलंडवर, किंवा फिनलंडमार्गे सोव्हिएत संघावर हल्ला केला तर फिनलंड लढेल, पण स्वतःच्या सीमेच्या आत. गरज पडली तर सोव्हिएत मदत मिळेल, पण ती दोघांच्या संमतीनं. हल्ल्याचा धोका दिसला तर दोघे सल्लामसलत करतील. आणि प्रस्तावनेत एक वाक्य होतं : बड्या सत्तांच्या हितसंबंधांच्या झगड्यापासून दूर राहण्याची फिनलंडची इच्छा आहे. पुढची चाळीस वर्षं फिनलंडनं आपल्या तटस्थतेचा दावा या एका वाक्यावर उभा केला.

करार झाल्यावर तीन महिन्यांत निवडणूक झाली. कम्युनिस्टांची आघाडी ४९ जागांवरून ३८ वर आली आणि सरकारच्या बाहेर गेली. मॉस्को चिडलं, पण रणगाडे आले नाहीत.

का आले नाहीत? मला वाटतं, फक्त पासिकिवींच्या शहाणपणाला श्रेय देणं अपुरं आहे. फिनलंड गिळायला गेलं तर किती महागात पडतं हे स्टालिननं दोनदा पाहिलं होतं. फिनिश लष्कर आणि नोकरशाही कम्युनिस्टांच्या हातात नव्हती. युद्धभरपाईचा माल वेळेवर येत होता आणि सोव्हिएत संघाला त्याची गरज होती. आणि शेजारी स्वीडन होता. स्वीडन तटस्थ राहिला, १९४९ मध्ये नॉर्वे आणि डेन्मार्क नाटोत गेले तरी तो गेला नाही. फिनलंडवर जास्त दाब दिला तर स्वीडन अमेरिकेच्या गोटात जाईल, ही भीती मॉस्कोला होती. म्हणजे स्वीडनची तटस्थता ही फिनलंडची ढाल होती. अमेरिकेनंही समजूतदारपणा दाखवला. वॉशिंग्टननं फिनलंडला कर्जं दिली, पण उघडपणे आपल्या बाजूला ओढण्याचा आग्रह धरला नाही. तसा आग्रह झाला असता तर पासिकिवींचा सगळा डाव कोसळला असता.

१९५२ हे वर्ष फिन लोक आजही आठवतात. त्या उन्हाळ्यात हेलसिंकीत ऑलिम्पिक झालं, आणि सोव्हिएत संघ पहिल्यांदाच त्यात उतरला. पूर्वेकडच्या देशांचे खेळाडू ओतानिएमीत वेगळ्या क्रीडाग्रामात राहिले. दोन जगांना एकाच शहरात पण वेगवेगळ्या आवारात ठेवायची कसरत यजमानांनी पार पाडली. आपल्याला हे ऑलिम्पिक माहीत आहे ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांमुळे. त्यांच्या वजनी गटात रौप्य मिळालं ते सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्ह यांना, आणि कांस्य खाशाबांना. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ज्या शहरात मिळालं, त्या शहराच्या डोक्यावर त्या दिवशीही युद्धभरपाईचं ओझं होतं. शेवटचा माल त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रवाना झाला. भरपाई भरता भरता देशात जहाजबांधणी आणि यंत्रनिर्मितीचा उद्योग उभा राहिला होता. पण हे वरदान होतं असं म्हणायची पद्धत मला पटत नाही. विस्थापितांना वसवायच्या वर्षांत त्या समाजानं आपल्या घामाचा वाटा परक्याला दिला होता.

स्टालिननंतर वातावरण सैलावलं. सोव्हिएत संघानं पोरक्काला मुदतीच्या कितीतरी आधी, जानेवारी १९५६ मध्ये परत केलं. डिसेंबर १९५५ मध्ये फिनलंड संयुक्त राष्ट्रांत गेला. आणि मार्च १९५६ मध्ये उर्हो केक्कोनेन राष्ट्राध्यक्ष झाले, निर्वाचक मंडळात १५१ विरुद्ध १४९ अशा मतांनी. ते पुढे पाव शतक त्या पदावर राहिले.

केक्कोनेन वेगळ्या घडणीचे होते. पासिकिवी सावधपणे अंतर राखत, केक्कोनेन थेट माणसाशी नातं जोडत. शिकार, मासेमारी, स्कीइंग, आणि सौना, म्हणजे फिन लोकांची गरम वाफेची खोली, जिथे सगळे उघडे बसतात. १९६० मध्ये केक्कोनेन यांच्या साठीला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह हेलसिंकीला आले तेव्हा सौनातली बैठक पहाटेपर्यंत चालली. त्या भेटीनंतर पश्चिम युरोपच्या मुक्त व्यापार संघाशी फिनलंडनं सहयोगी म्हणून जोडून घ्यायला मॉस्कोनं हरकत घेतली नाही. १९६१ मध्ये तो करार झाला. कागदाच्या निर्यातीवर जगणाऱ्या देशासाठी हा जीवनमरणाचा प्रश्न होता.

पण या मैत्रीची दुसरी बाजू दोन प्रसंगांतून दिसते, आणि सैन्य न पाठवता महासत्ता दबाव कसा आणते हे त्यांतून फार स्वच्छ कळतं.

पहिला प्रसंग १९५८ चा. सोशल डेमोक्रॅट नेते कार्ल-आउगुस्ट फागरहोल्म यांनी आघाडी सरकार बनवलं. त्यातले काही चेहरे मॉस्कोला नापसंत होते, आणि कम्युनिस्टांना निवडणुकीत सर्वांत जास्त जागा मिळूनही बाहेर ठेवलं होतं. मॉस्कोनं धमकी दिली नाही. सोव्हिएत राजदूत घरी निघून गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. व्यापाराची बोलणी थांबली. एवढंच. पण सोव्हिएत बाजारावर अवलंबून असलेल्या कारखान्यांत चुळबुळ सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये सरकार पडलं. जानेवारीत केक्कोनेन लेनिनग्राडला जाऊन ख्रुश्चेव्ह यांना भेटले आणि बर्फ वितळला.

दुसरा प्रसंग जास्त गंभीर. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली होती. पश्चिम जर्मनी सहा वर्षांपूर्वीच नाटोत गेला होता. ३० ऑक्टोबरला, ज्या दिवशी सोव्हिएत संघानं उत्तरेकडच्या नोव्हाया झेम्ल्या बेटांवर इतिहासातला सर्वांत मोठा अणुस्फोट केला त्याच दिवशी, मॉस्कोनं फिनलंडला एक पत्र दिलं. पश्चिम जर्मनीकडून धोका वाढला आहे, १९४८ च्या करारानुसार लष्करी सल्लामसलत सुरू करू या, असं त्यात म्हटलं होतं. केक्कोनेन त्या वेळी अमेरिकेच्या दौऱ्यावर, हवाई बेटांवर होते. फिनलंडमध्ये लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. सल्लामसलत सुरू झाली की सोव्हिएत सैन्य तळ मागणार आणि तटस्थता संपणार, हे शाळकरी पोरालाही कळत होतं.

केक्कोनेन यांनी दौरा आवरता घेतला नाही, घाबरल्याचं दाखवलं नाही. परत आल्यावर संसद विसर्जित केली आणि सायबेरियात नोव्होसिबिर्स्कला जाऊन २४ नोव्हेंबरला ख्रुश्चेव्ह यांना भेटले. सल्लामसलतीची मागणी पुढे ढकलली गेली. त्याच दिवशी, जानेवारीतल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतले केक्कोनेन यांचे मुख्य प्रतिस्पर्धी ओलावी होन्का यांनी माघार घेतली. ते पत्र खरंच जर्मनीच्या भीतीनं लिहिलं होतं, की केक्कोनेन यांना निवडून आणण्यासाठी, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. परिणाम मात्र स्पष्ट होता. फिनलंडच्या राष्ट्राध्यक्षपदाची लढत मॉस्कोच्या एका पत्रानं निकालात निघाली.

इथे आपल्या देशाशी तुलना करावीशी वाटते. ९ ऑगस्ट १९७१ ला भारतानं सोव्हिएत संघाशी करार केला, त्यातही हल्ल्याचा धोका दिसल्यास परस्परांशी सल्लामसलत करण्याचं कलम होतं. बांगलादेशच्या युद्धापूर्वी ते कलम भारतासाठी आधार ठरलं. फिनलंडसाठी तशाच आशयाचं कलम टांगती तलवार होतं. फरक भूगोलाचा आणि आकाराचा. आपल्या आणि सोव्हिएत संघाच्या मध्ये पर्वत आणि देश होते. फिनलंडच्या आणि त्याच्या मध्ये एक कुंपण होतं. १९५६ मध्ये हंगेरीतल्या सोव्हिएत हस्तक्षेपाचा निषेध करणारा ठराव ४ नोव्हेंबरला संयुक्त राष्ट्रांत आला तेव्हा भारतही तटस्थ राहिला आणि फिनलंडही. मतांची नोंद सारखीच आहे, पण फिनलंडला दुसरं काही करायची मुभा जवळपास नव्हती. आपल्याला होती.

रोजच्या कारभारात तोल सांभाळणं म्हणजे काय, ते पाहायचं तर लोव्हिसाचा अणुवीज प्रकल्प पाहावा. सत्तरच्या दशकात फिनलंडनं अणुभट्टी सोव्हिएत घेतली, तिच्याभोवतीचं सुरक्षा कवच अमेरिकी वेस्टिंगहाउसच्या परवान्यानं बांधलं आणि नियंत्रण यंत्रणा जर्मन सीमेन्सची बसवली. हवाई दलासाठी सोव्हिएत मिग-२१ घेतली, तशी स्वीडनची ड्राकेन आणि ब्रिटनची हॉक विमानंही. १९७३ मध्ये पश्चिमेच्या युरोपीय आर्थिक समुदायाशी आणि पूर्वेच्या कॉमेकॉनशी, म्हणजे कम्युनिस्ट देशांच्या आर्थिक संघटनेशी, एकाच वर्षी करार केले. एका हातानं घेतलेलं दुसऱ्या हातानं जोखायचं, ही त्या देशाची सवय होऊन गेली होती. आणि जिथे नाही म्हणायचं तिथे म्हटलं : १९७८ मध्ये सोव्हिएत संरक्षणमंत्री उस्तिनोव्ह यांनी संयुक्त लष्करी सरावाचा विषय काढला, तो फिनलंडनं शांतपणे बाजूला सारला. सक्तीची लष्करी सेवा आणि मोठी राखीव फौज या सगळ्या काळात कायम होती.

आता किमतीबद्दल. ही बाजू झाकून फिनलंडचं कौतुक करणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

सोव्हिएत संघावर उघड टीका करणं हळूहळू सभ्यपणात बसेनासं झालं. कायद्यानं बंदी क्वचितच होती, संपादक आणि प्रकाशक स्वतःच हात आखडता घेत. सोव्हिएत श्रमछावण्यांवरचं जगभर गाजलेलं पुस्तक १९७४ मध्ये फिनिशमध्ये आलं, पण हेलसिंकीतला प्रकाशक मागे सरला होता आणि ते छापलं गेलं स्वीडनमध्ये. राजकारण्यांपैकी अनेकांचा सोव्हिएत दूतावासात एकेक खास ओळखीचा माणूस असे, बहुतेकदा केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेचा, आणि देशांतर्गत प्रतिस्पर्ध्याला मागे टाकायला ती ओळख वापरली जाई. परकीय दबावापेक्षा हे मला जास्त किळसवाणं वाटतं, कारण इथे दबाव बाहेरून येत नव्हता, आतूनच बोलावला जात होता. पुराणमतवादी पक्ष मतं मिळवूनही १९६६ ते १९८७ सरकारच्या बाहेर राहिला, मॉस्कोला तो चालणार नाही या समजुतीमुळे. १९७३ मध्ये केक्कोनेन यांची मुदत निवडणूक न घेताच, खास कायदा करून, चार वर्षांनी वाढवली गेली. लोकशाही वाचवायला निघालेल्या धोरणानं लोकशाहीचाच एक कोपरा कुरतडला.

आणि निर्वासित. एप्रिल १९४५ मध्ये मॉस्कोच्या मागणीवरून २० जणांना पकडून सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या हवाली केलं गेलं, त्यांत फिनलंडचे नागरिकही होते. पुढच्या दशकांत सीमा ओलांडून आलेले सोव्हिएत नागरिक परत पाठवले जात. पळून येणाऱ्यांना हे माहीत असायचं, म्हणून ते जंगलांतून लपत छपत स्वीडन गाठायचा प्रयत्न करत. देशाच्या अस्तित्वाचा प्रश्न होता, हे मान्य. पण ज्यांना परत ढकललं त्यांच्या आयुष्याचा हिशोब कोणत्याही यशाच्या रकान्यात मांडता येत नाही.

पश्चिम जर्मनीतल्या उजव्या नेत्यांनी या सगळ्यावरून ‘फिनलंडीकरण’, म्हणजे बड्या शेजाऱ्यापुढे आपणहून झुकणं, हा शब्द शिवीसारखा वापरला. पूर्वेशी जुळवून घ्यायला निघालेले पश्चिम जर्मनीचे नेते विली ब्रांट यांना फ्रान्झ योसेफ श्ट्राउस या शब्दानं टोचत. फिन लोकांना तो फार लागला, आणि ते समजण्यासारखं आहे. ज्यांनी दोन युद्धांत माणसं गमावली होती त्यांना ज्यांनी सीमेवर अमेरिकेचं सैन्य बसवून घेतलं होतं त्यांनी भित्रं म्हणावं, हे अन्यायाचंच होतं.

शिवाय याच धोरणातून एक मोठं काम झालं. १९६९ मध्ये फिनलंडनं युरोपच्या सुरक्षेवर परिषद भरवायची तयारी दाखवली. दोन्ही गोटांना चालेल अशी जागा दुसरी क्वचितच होती. १ ऑगस्ट १९७५ ला हेलसिंकीत ३५ देशांच्या नेत्यांनी परिषदेच्या अंतिम दस्तऐवजावर सह्या केल्या, त्यात अमेरिकेचे फोर्ड आणि सोव्हिएत संघाचे ब्रेझनेव्ह होते. ब्रेझनेव्ह यांना हव्या होत्या युद्धोत्तर सीमांना मान्यता, त्या मिळाल्या. पण त्याच कागदावर मानवी हक्कांची कलमं होती. पुढच्या वर्षी मॉस्कोत ही कलमं पाळली जातात का हे पाहणारा हेलसिंकी गट स्थापन झाला, १९७७ मध्ये प्रागमध्ये चार्टर ७७ हे हक्कांची मागणी करणारं निवेदन आलं. तुम्हीच सही केली आहे, आता पाळा, असं तिथले लोक आपल्या सरकारांना सांगू लागले. ज्या शहरात सोव्हिएत संघाबद्दल मोकळं लिहायला लोक कचरत होते, त्याच शहराच्या नावानं सोव्हिएत संघातले विरोधक एकत्र आले.

१९८९ च्या ऑक्टोबरमध्ये गोर्बाचेव्ह हेलसिंकीला आले आणि त्यांनी फिनलंडच्या तटस्थतेला कोणतीही पुस्ती न जोडता मान्यता दिली. १९९२ मध्ये जुना करार संपला, १९९५ मध्ये फिनलंड युरोपीय संघात गेला.

२०२२ च्या सुरुवातीला, युक्रेनवर हल्ला होण्यापूर्वी, युक्रेननंही फिनलंडचा मार्ग घ्यावा अशी चर्चा युरोपात झाली. हा सल्ला देणाऱ्यांनी पासिकिवींचा मूळ प्रश्न विचारला नव्हता. मॉस्कोला इथे काय हवं आहे? फिनलंडचं वेगळं राष्ट्र असणं लेनिनच्या सरकारनं १९१७ च्या अखेरीसच मान्य केलं होतं, आणि फिन लोक हे रशियनच आहेत असं कुणी म्हणत नव्हतं. युक्रेनबद्दल पुतिन यांनी जुलै २०२१ मध्ये लिहिलेल्या लेखात रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक आहेत असं म्हटलं होतं. समोरच्याला तुमच्या सीमेची हमी हवी असेल तर ती देता येते. त्याला तुमचं असणंच मान्य नसेल तर त्याला काय द्यायचं?

फिन लोकांनी हे चटकन ओळखलं. नाटोत जाण्याला वर्षानुवर्षं पाव भागाच्या आसपास असलेला पाठिंबा काही महिन्यांत तीन चतुर्थांशावर गेला. मे २०२२ मध्ये संसदेनं १८८ विरुद्ध ८ मतांनी निर्णय घेतला आणि ४ एप्रिल २०२३ ला १,३४० किलोमीटरची रशियालगतची सीमा नाटोची सीमा झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस रशियाच्या बाजूनं आश्रय मागणाऱ्यांना मुद्दाम सीमेवर पाठवलं जात असल्याचा आरोप करत फिनलंडनं पूर्वेकडची नाकी बंद केली. जुलै २०२४ मध्ये संसदेनं १६७ विरुद्ध ३१ मतांनी कायदा केला, की अशा परिस्थितीत आलेल्यांना त्यांचा आश्रयाचा अर्ज न घेताच सीमेवरून परत पाठवता येईल. गोट बदलला आहे, कारणं बदलली आहेत, आणि मॉस्कोच्या डावपेचांची भरपाई पुन्हा एकदा सीमेवर उभ्या असलेल्या माणसांकडून वसूल होते आहे. हेलसिंकीतले कायदेतज्ज्ञ त्या कायद्यावर आजही भांडत आहेत, आणि या वेळी ते मोकळेपणानं भांडू शकतात.